दळवीसाहेबांचं घड्याळ आणि माझा गुरुवार

“मौन म्हणजे मौन, सूनबाई. हातवारे करून बोललीस तर तोंडाने बोललीस असंच मी धरीन. आणि पाटीवर लिहून दाखवलंस तरी तेच.”

सासूबाईंनी हे बजावलं तेव्हा मी नवी नवरी होते आणि गुरुवारचं मौन धरायची माझी पहिलीच वेळ होती. सकाळच्या अंघोळीपासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. पुढे सासूबाई गेल्या, पण गुरुवार काही गेला नाही. आमच्या ह्यांना सुरुवातीला त्याचं फार कौतुक. नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की घरातले सगळे मोठे निर्णय गुरुवारीच होतात. विहिरीवरचा पंप बदलला तो गुरुवारी. गोठ्याची कौलं उतरवून पत्रा घातला तो गुरुवारी. “तुला विचारलं होतं की,” असं हे शुक्रवारी म्हणतात. विचारलेलं असतं, हे मात्र खरं.

एवढं आधी सांगितलं, कारण ह्या घड्याळाच्या प्रकरणात माझा गुरुवार मध्ये आला.

ऋत्विक माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. दीर-जाऊ मुंबईला, पण हा लहानपणापासून प्रत्येक सुट्टीला आमच्याकडे, रत्नागिरीजवळच्या ह्या गावात. मुलगा मायाळू. फक्त धरलेलं काही तडीला नेत नाही. तबला शिकायला गेला, बोटं दुखली म्हणून सोडला. व्यायामाचे बूट आणले, व्यायाम राहिला. दोन नोकऱ्या सोडल्या. एक मनस्वी तेवढी टिकली, आणि तीही, खरं सांगायचं तर, तिने त्याला धरून ठेवलं म्हणून.

मनस्वीचे वडील दळवीसाहेब. मूळचे दापोलीकडच्या मुरुडचे, आता ठाण्याला मोठे कंत्राटदार. त्यांना भारी घड्याळांचा शौक. साखरपुड्यात त्यांनी आपल्या संग्रहातलं एक परदेशी घड्याळ जावयाच्या मनगटावर बांधलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, “हे ऑटोमॅटिक आहे. ह्यात सेल नाही. मनगटावर हालत राहिलं तर चालतं, काढून ठेवलं की दोन दिवसांत थांबतं. लग्नापर्यंत हे थांबता कामा नये. चावी पिळून चालवायचं नाही, अंगावर चाललं पाहिजे. आयुष्यात एक गोष्ट सलग करून दाखवा, जावईबापू. थांबलं तर पुढचं बोलू.”

पुढचं बोलू म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जाऊबाईंचा मात्र त्या दिवसापासून रक्तदाब वाढला.

कार्तिकात ऋत्विक रजा घेऊन आमच्याकडे आला. आल्या आल्या माझ्यासमोर हात धरला.

“काकी, बघ. ह्यात चंद्रसुद्धा आहे.”

खरंच होता. तबकडीच्या खालच्या बाजूला एवढीशी खिडकी, तिच्यात निळं आभाळ आणि सोन्याचा चंद्र.

“अगोबाई! मग संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, ते कळेल ह्यात?”

“नाही गं. चंद्र किती भरलाय तेवढं दिसतं.”

“ते मला अंगणातून दिसतं.”

“आणि ढग असले तर?”

“तर भिंतीवर दिनदर्शिका आहे.”

तो जरा विचारात पडला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “काकी, हे बघायला नसतं गं. हे असायला असतं.”

हे मला पटलं. माझ्याकडे लग्नातलं चांदीचं निरांजन आहे. तेही लावायला नाही, असायलाच आहे. रोज लागते ती पितळेची समई.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याला त्या घड्याळाचा समुद्रासकट फोटो काढायचा होता. आमच्या घरापासून देवळाकडे जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढते. तिच्यावर उभा राहिला, की डावा हात पुढे, उजव्या हातात मोबाईल, आणि सूर्य मनगटाच्या बरोब्बर वर यावा म्हणून एकेक पायरी मागे. पाखाडी संपते हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आम्ही धावलो तेव्हा तो गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे करवंदीच्या जाळीत पडला होता आणि डावा हात आभाळाकडे धरून ओरडत होता, “लागलं नाही! लागलं नाही!”

हे त्याने घड्याळाबद्दल सांगितलं होतं. हाताचं हाड मोडलं होतं.

डाव्या हाताला प्लास्टर आलं. घड्याळ उजव्या हातात गेलं. आता हा दिवसभर पलंगावर आडवा, उजव्या हातात मोबाईल. तिसऱ्या दिवशी घाबरून माझ्याकडे आला.

“काकी, मागे पडतंय हे. थांबायला आलंय. मी हालतच नाहीये ना!”

“हालतो आहेस की. सकाळपासून तुझा अंगठा चालू आहे.”

“अंगठ्यावर नाही गं चालत!” मग माझ्या शेजारी चुलीपुढे बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “तू घाल. तू घेतलेलं कधी सोडत नाहीस. प्लास्टर निघेपर्यंत तू चालव. थांबलं तर मनस्वी गेली बघ.”

मी त्याला विचारलं की सासऱ्यांना चालेल का. त्यांनी अंगावर म्हटलंय, कुणाच्या अंगावर ते म्हटलेलं नाही, असं तो म्हणाला. मला ती पळवाट वाटली, पण पोराचा चेहरा एवढासा झाला होता. म्हटलं, “बरं. माझ्या हातात असेतो थांबणार नाही.” देवापुढे पाणी सोडलं नाही, पण शब्द दिला म्हणजे दिला.

मग त्याने मला पथ्यं सांगितली. एक दिवसही अंतर पडू द्यायचं नाही. फ्रीजच्या दारावर ते लोहचुंबक आहे, त्याच्याजवळ न्यायचं नाही. रात्री नऊ ते पहाटे तीन चंद्राला हात लावायचा नाही, आतले दाते मोडतात. आणि दर पाच वर्षांनी ते मुंबईला पाठवून, सगळं उघडून, तेलपाणी करून पुन्हा बसवायचं. तो सांगता सांगता ओशाळला. “फार होतंय ना, काकी?”

“फार कसलं? नियम आहेत, सोवळं आहे, पाच वर्षांनी उद्यापन आहे. व्रतच आहे की हे. कहाणी काय ह्याची?”

“कहाणी नाही. जाहिरात आहे.”

अशा रीतीने घड्याळ माझ्या हातात आलं आणि बांगड्यांच्या मागे जाऊन बसलं. मला त्याची किंमत ठाऊक नव्हती आणि विचारायचंही सुचलं नाही. पहाटे सडा घालायचा, परडीभर तगर-जास्वंद काढायची, दूर्वा खुडायच्या, सहाणेवर चंदन उगाळायचं. मग पाखाडी चढून शंकराच्या देवळात प्रदक्षिणा. शंकराला पुरी फेरी घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथून मागे वळायचं, पुन्हा उलटं यायचं. मी ऋत्विकला विचारून घेतलं, हे उलटसुलट फिरणं चालेल ना? तो म्हणाला, आतली चकती दोन्ही बाजूंनी फिरते, उलट उत्तम. म्हणजे घड्याळ करणाऱ्याने शंकराचा विचार केला होता.

पहिल्या दिवशी ऋत्विक माझ्या मागून आला तो घड्याळाच्या काळजीने. गळ्यात प्लास्टरची झोळी, डोळे झोपेने मिटलेले. “काकी, कठड्याला आपटेल.” “काकी, चंदन लागलं.” “काकी, घंटा उजव्या हाताने!” आठवड्याभरात त्याचं काकी-काकी कमी झालं. फुलांची परडी त्याच्या चांगल्या हाताला आली. देवळाच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत राहायचा, मोबाईल घरी.

शेजारची हौसा एकदा देवळात माझा हात धरून बघत राहिली.

“काय गो ह्ये? साखर मोजायचं का?”

“नाही गो, घड्याळ आहे. रोज चालवायला लागतं.”

“म्हंजे तू चाललीस तर ह्ये चालणार? आणि मग वेळ सांगणार?”

“हो.”

“आमच्या पिंट्याच्या लग्नात भेट आलेलं घड्याळ भिंतीवर बसून सांगतंय,” हौसा म्हणाली, आणि माझी कीव येऊन तिने मला एक केळं दिलं.

घड्याळ छान चाललं होतं. पट्ट्याला चंदनाचा वास येऊ लागला होता. नारळ सोलताना काचेच्या कडेला एक बारीकसा ओरखडा उठला तेव्हा ऋत्विक तासभर गप्प होता, पण जेवला.

आणि मग तो गुरुवार आला.

ऋत्विकला एक्स-रेसाठी शहरात न्यायला हमीद रिक्षा घेऊन आला. हमीद आमच्या खाडीपलीकडचा, बरीच वर्षं दुबईला एका शेठची गाडी चालवत होता. ऋत्विक रिक्षात जाऊन बसला. मी हमीदला चहा दिला. त्याने कप घेतला आणि चहा प्यायचा तसाच राहिला.

“भाऊ,” तो ह्यांना म्हणाला, “वैनीच्या हातात काय हाय, म्हायत हाय?”

“ऋत्विकचं घड्याळ. सासऱ्याने दिलंय.”

“आमचा शेठ ह्ये काचेच्या कपाटात ठेवायचा. बघायचं झालं तर हातमोजे घालायचा.” मग त्याने ह्यांच्या कानात किंमत सांगितली.

आकडा मी इथे लिहीत नाही. हे पडवीत होते तिथेच खाली बसले. हमीद चहा संपवून निघाला, जाताना मला म्हणाला, “वैनी, सांभाळून हां,” आणि रिक्षा गेली. हे उठले ते थेट माझ्यासमोर.

“हे घालून तू विहिरीवर वाकतेस?”

मी गप्प.

“हे घालून नारळ सोलतेस? शेणाला हात लावतेस? अगं, कुणी हात तोडून नेईल!”

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. ते थांबलं तर काय होईल, हे माझ्या जिभेच्या अगदी टोकावर होतं.

“मी हे बँकेत ठेवतो. लॉकरमध्ये. तुझं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांग.” क्षणभर वाट बघून म्हणाले, “नाही ना? मग झालं.”

हात पाठीमागे नेला तर तो हातवारा होतो का, ह्याचा मी विचार करत होते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? तेवढ्यात ह्यांनी पट्टा सोडलासुद्धा. घड्याळ धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं, पंचा लाडवांच्या डब्यात ठेवला, डबा पिशवीत घातला आणि पावणेअकराच्या एसटीने हे गेले. आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच दुपारी दोन वेळा दिव्याची वात बघून आले, की संध्याकाळ कधी होते.

दिवा लावला. प्रार्थना म्हटली, कधी नव्हे ती भरभर. आणि वळून म्हटलं, “घड्याळ आणा.”

“बँकेत आहे. निश्चिंत राहा.”

“अहो, ते हाललं नाही तर थांबतं.”

“थांबेना का. सुरक्षित तर आहे.”

“ते थांबलं तर लग्न थांबतं.”

मग मी त्यांना दळवीसाहेबांची अट सांगितली. ह्यांना ती ठाऊकच नव्हती. साखरपुड्यात त्या वेळी हे जेवणाच्या रांगेत पुढे जाऊन उभे होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. “उद्या बँक उघडली की पहिल्यांदा—” असं म्हणत त्यांनी दिनदर्शिकेकडे बघितलं आणि वाक्य तिथेच राहिलं. शुक्रवारी कसलीशी सरकारी सुट्टी होती. शनिवार दुसरा होता. आणि रविवार हा रविवारच.

एक्स-रे काढून ऋत्विक परत आला. त्याला सांगितलं. तो ओरडला नाही, हे फार वाईट झालं. नुसता भिंतीला टेकून बसला. “दळवीसाहेब सोमवारी येतायत,” तो म्हणाला. “मुरुडला काम आहे, ते करून मनस्वीला घेऊन इकडे. माझा हात बघायला.”

“हात बघायला ना?” हे आशेने म्हणाले.

“काका, हात म्हणजे मनगट.”

घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं झालं. ह्यांच्या डोक्यात मात्र चक्रं चालू होती. शनिवारी दुपारी जेवता जेवता म्हणाले, “लॉकर हालला तर चालेल ना रे ते? कोयनेचा एखादा धक्का आला तर?” ह्यांची बहीण अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीत राहते. ह्यांनी खरोखर तिला फोन लावला. “काय गं, हल्ली काही धक्काबिक्का?” ती म्हणाली, नाही रे दादा, देवाच्या कृपेने सगळं शांत आहे. “असं?” हे इतक्या खिन्नपणे म्हणाले की तिने रागाने फोन ठेवून दिला.

एक गोष्ट मात्र मी बघत होते. शुक्रवारी पहाटे मी सडा घालत होते तेव्हा ऋत्विक परडी घेऊन उभा.

“आज घड्याळ नाही रे माझ्या हातात,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि पुढे होऊन तगरीला लागला. शनिवारीही आला. रविवारीही. देवळाच्या पायरीवर बसला, गुमान परत आला.

सोमवारी बँक उघडायच्या आधी हे बँकेच्या दारात उभे होते. अकराला घरी आले. डब्यातून पंचा, पंच्यातून घड्याळ निघालं. थांबलेलं होतं, तारीख शनिवारची दाखवत. ऋत्विकने माझ्या बांगडीची सेफ्टी पिन मागितली, तिच्या टोकाने बाजूची बारीक कळ दाबून चंद्र जागेवर आणला, काटे लावले, तारीख लावली, हलवून हलवून ते चालू केलं. टिकटिक ऐकून ह्यांनी कपाळाचा घाम पुसला.

“झालं तर! आता कुणाला काय कळतंय? घाल हातात, दोनदा देवळात जाऊन ये.”

मी घातलं. पण बोलले, “त्यांनी विचारलं तर?”

“तू बोलू नको म्हणजे झालं. आज एक दिवस मौन घे.”

“आज सोमवार आहे.”

“सोमवारी घेतलं तर देव नको म्हणणार आहे का?”

“देव नाही म्हणणार. सासूबाई म्हणतील. खोटं झाकायला घेतलेलं ते मौन नव्हे.”

हे नारळ खवायला बसले. त्या दिवशी संकष्टी होती, रात्री चंद्रोदयाला मोदक करायचे होते. ह्यांनी आपणहून नारळ खवण्याची ती पहिलीच वेळ.

चारच्या सुमाराला दळवीसाहेब आणि मनस्वी आली. गाडी खाली रस्त्यावर राहिली आणि साहेबांना आमच्या घरापर्यंतच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. माणूस भारदस्त. पडवीत येऊन बसले ते किती तरी वेळ नुसते श्वास घेत होते. त्यांच्या मनगटावर दुसरंच एक घड्याळ होतं, वाटीच्या झाकणाएवढं. “चंद्रोदय किती वाजता हो वहिनी?” त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितल्यावर किती वेळ आहे ते बघायला खिशातून मोबाईल काढला.

पोहे दिले. चहा दिला. ऋत्विकच्या प्लास्टरवर मनस्वीने पेनाने काहीबाही लिहिलं. सगळं इतकं छान चाललं होतं की ह्यांना धीर आला, आणि ते ठाणे आणि तिथली गर्दी ह्याबद्दल बोलू लागले. तेवढ्यात साहेबांची नजर माझ्या हाताकडे गेली.

“हे... वहिनींकडे कसं?”

ऋत्विकने सगळं सांगितलं, फोटोपासून प्लास्टरपर्यंत. बँक सोडून. साहेबांनी हात पुढे केला. मी घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, चंद्र बघितला, मान डोलावली. ओरखडा बघितला आणि मान डोलायची थांबली. नाकाजवळ नेलं.

“चंदन?”

“रोज उगाळते मी.”

“हे घालून?”

“फुलं काढते, दूर्वा खुडते, प्रदक्षिणा घालते. नारळ सोलला तेव्हा ती रेघ उठली. ते मात्र चुकलंच.”

साहेबांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघून विचारलं, “पण चाललं ना? कधी थांबलं नाही ना, वहिनी?”

ह्यांनी आढ्याकडे बघायला सुरुवात केली. ऋत्विकने डोळे मिटले. मनस्वीच्या हातातलं पेन प्लास्टरवर होतं तिथेच राहिलं. मला वाटलं, आत्ता गुरुवार असता तर किती बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं, असं वाटणंही बरं नाही.

“थांबलं होतं,” मी म्हटलं.

“कधी?”

“शनिवारी. बँकेत होतं तेव्हा.”

“घड्याळ बँकेत काय करत होतं?”

“सुरक्षित होतं,” हे आढ्याकडे बघतच म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. हमीद, गुरुवार, लाडवांचा डबा, सुट्ट्या. अलोऱ्याचा फोन सांगायची गरज नव्हती, पण तोही सांगून झाला. मनस्वी तोंडात ओढणी धरून बसली होती. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळ गुडघ्यावर ठेवलं.

“मी शब्दाचा माणूस आहे. थांबलं तर पुढचं बोलू, असं म्हटलं होतं. तर आता पुढचं बोलतो. ऋत्विक, मी तुम्हाला एक गोष्ट सलग करायला सांगितली. तुम्ही ती काकीच्या हातात बांधून मोकळे झालात. मग मी काय समजायचं?”

ऋत्विक प्लास्टरची झोळी नीट करत बसला. मी फारशी कुणाच्या बोलण्यात पडत नाही. पण कुणी विचारत नाही म्हणून माहीत असलेलं पोटात ठेवणं, हेही खोट्याच्याच जवळचं.

“साहेब, एक सांगू का? हा पहाटे माझ्याबरोबर देवळात येतो. घड्याळ पडेल म्हणून यायला लागला. पण शुक्रवार, शनिवार, रविवार घड्याळ बँकेत होतं. हा तरी आला. आज सकाळीही आला. मी बोलावलं नव्हतं.”

“का?” साहेबांनी त्यालाच विचारलं.

ऋत्विकने खांदा उडवायचा प्रयत्न केला, प्लास्टरमुळे एकच उडला. “जाग येते आता. मग पडून काय करणार?”

“जाग येते?” मनस्वी म्हणाली. “तुला? पहाटे?” तिला त्या घड्याळापेक्षा ह्याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, तुमच्याकडे हे आठ वर्षं होतं. एकदा तरी तुमच्या अंगावर चाललंय का? विजेच्या पेटीत ठेवून गोल फिरवायचात. दिवाळीत वीज गेली, सगळी थांबली, ते तुम्हाला पाडव्यानंतर कळलं. आणि चंद्र लावायला दुकानात माणूस पाठवलात.”

“मनू, पाहुण्यांसमोर...” साहेब म्हणाले. पण ते आता ऋत्विककडे बघत नव्हते. आमच्या दारातून पाखाडी दिसते, तिकडे बघत होते. “डॉक्टर मलाही सांगतात चालायला,” ते म्हणाले. “चांगल्या घड्याळाला तरी चालवावं म्हणून मी कधी उठलो नाही.”

ऋत्विकच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, तो बरोब्बर दुखऱ्या बाजूच्या खांद्यावर. “लग्न ठरल्या तारखेला होईल. ह्यापुढचं बोलणं ते जेवणाच्या यादीचं.”

हे इतके खूश झाले की उठून उभे राहिले. “वा! चहा टाक गं पुन्हा!”

“थांबा,” साहेब म्हणाले. “घड्याळाचं राहिलं. थांबवलं कुणी?”

ह्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. मग तो वर गेलेला बघून स्वतःच दचकले.

“मग चालवणारही तुम्हीच. लग्नापर्यंत.”

“मी? अहो, मला गुडघे...”

“मलाही आहेत.”

“त्या देवळात मी गेलो नाही त्याला...” हे मोजायला लागले आणि मोजणं अवघड जाईल असं दिसल्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. ह्या वेळी वार कोणता होता त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

“बरं,” हे म्हणाले. “शब्द दिला.”

रात्री चंद्र उगवला. मी अर्घ्य दिलं, मोदक वाढले. साहेबांनी मोदक किती खाल्ले ते मनस्वी मोजत होती, आम्ही नाही. जाताना त्यांनी घड्याळ ह्यांच्या मनगटावर बांधलं. पट्टा ह्यांना घट्ट होत होता, म्हणून पुढच्या भोकात घातला. आत्ता लगेच अंगणात दोन फेऱ्या मारून बघू का, असं ह्यांनी विचारलं. ऋत्विक म्हणाला, “काका, नऊ वाजून गेले, चंद्राला हात लावू नका म्हणजे झालं.” तर ह्यांनी आभाळाकडे बघून हात मागे घेतला.

मला वाटलं होतं, पहाटे ह्यांना उठवायला लागेल. मनात म्हटलं, हाक मारायची नाही. आपण होऊन उठले तर उठले. पण मी सडा घालायला पाण्याची बादली घेऊन बाहेर आले तेव्हा पडवीतल्या खुंटीवर ह्यांची टोपी नव्हती आणि खालच्या चपला नव्हत्या. अंगणाच्या टोकाला बेड्याचे, म्हणजे आमच्या फाटकाचे, वासे कुणी तरी आवाज न करता सरकवत होतं. हे बाहेर पडले, वासे पुन्हा तसेच लावले, आणि घराकडे मागे न बघता पाखाडीला लागले. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवून. डावा हात मात्र मोकळा. तो हे पुढेमागे जरा जास्तच हालवत होते, पाळणा हालवावा तसा.

ऋत्विक परडी घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तसं मी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तगरीच्या आडच थांबलो, हे वळणापलीकडे जाईपर्यंत.